सत्तावीस टक्के

१

'सदर अपघातास कामगार महिला स्वतः जबाबदार आहे. द्रावण तयार करताना तिने टक्केवारीचा हिशेब चुकवला.'

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर आपटला. चष्मा वाचला, पण टेबलावरच्या कपातला चहा बशीत आला.

पत्र आणणारी म्हातारी दारातच उभी होती. बसा म्हटलं तरी बसेना. "माझी सून आहे हो बाई. बाटल्या धुवायच्या कारखान्यात. तुमचीच विद्यार्थिनी. तिथं तिला सगळे काटेताई म्हणतात."

काटेताई! बाईंना नववीच्या वर्गातली दुसऱ्या बाकावरची मुलगी आठवली. पुस्तकामागचं उत्तर चुकलं आहे असं बाईंना भर वर्गात सांगणारी, आणि ते खरंच चुकलेलं निघालं होतं. पुढे शिक्षण राहिलं आणि ती कारखान्यात लागली. वजनकाट्यावर चिमूटभर इकडचं तिकडे होऊ देत नाही म्हणून तिथल्या लोकांनी तिला हे नाव दिलं, असं बाईंच्या कानावर आलं होतं.

"डोळा गेला तिचा, उजवा," म्हातारी म्हणाली. "दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. आणि हे मेले म्हणतात, तिला गणित येत नाही! घरात मीठ संपलं तर तारखेसकट सांगते ती मला. अकरा वर्षं भांडतेय मी तिच्याशी, पण आकड्यात कधी जिंकले नाही."

बाईंची कानशिलं तापली. बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं त्यांनी. हात भाजले, तो अपघात म्हणू. पण भाजलेल्या बाईच्या माथी वर अडाणीपणाचा शिक्का मारायचा, हा कुठला न्याय?

"त्यांच्याकडे पुरावा काय?"

"वहीचं पान आहे म्हणे. तिच्या हातचं, तिच्या सहीचं. चार पोती ओतली असं तिनंच लिहिलंय." म्हातारीचा आवाज खाली आला. "पण बाई, सून शपथेवर सांगते, त्या दिवशी तिनं वही उघडलीच नव्हती."

२

इस्पितळाच्या खाटेवर काटेताई उशांना टेकून बसली होती. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी, हात कापसात गुंडाळलेले. बाई दिसताच तिने उठायचा प्रयत्न केला.

"पडून राहा. वर्ग सुटलाय," बाई म्हणाल्या. "मला फक्त क्रमाने सांग. रोज काय करायचीस आणि त्या दिवशी काय केलंस."

काटेताईने सांगितलं. तिच्या सांगण्यात एक शब्द जास्तीचा नव्हता.

बाटल्या धुवायला कॉस्टिक सोड्याचं पाणी लागतं. आधी मोठ्या पिंपात त्याचं कडक द्रावण करून ठेवायचं, आणि मग त्यातून लागेल तसं काढून धुण्याच्या टाकीत सोडायचं. भरलेल्या पिंपाचं माप ठरलेलं: दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो पाणी आणि पंचवीस किलोची दोन पोती कॉस्टिक.

"दिवसभरात अर्धं पिंप संपतं. अर्धं उरतं. सकाळी मी त्यात दहा लिटरच्या दहा कॅन पाणी घालते, ढवळते, मग एक पोतं थोडं थोडं टाकत पुन्हा ढवळते. पिंप भरलं की वहीत लिहायचं. ढवळून झाल्याशिवाय मी लेखणीला हात लावत नाही, बाई. न झालेलं काम लिहायचं कसं?"

"आणि त्या दिवशी?"

"दहा कॅन पाणी घातलं. पोतं अजून उघडलंही नव्हतं. नुसता दांडा घालून ढवळायला गेले." ती थांबली. "दांडा तळाला लागेना. खाली काहीतरी घट्ट बसलं होतं, चिखलासारखं. मी जोर लावला आणि अख्खं पिंप उसळलं."

बाईंना कळलं. तळाशी न विरघळलेला कॉस्टिक, वर ताजं पाणी. दोन्ही एकदम मिसळले की पाणी क्षणात उकळतं. वर्गात त्या हे नखाएवढ्या खड्यावर दाखवायच्या, तेही लांब उभ्या राहून.

"आदल्या संध्याकाळी तळाशी काही होतं?"

"काही नव्हतं. पाच वाजता झाकण लावलं तेव्हा तळ दिसत होता."

म्हणजे संध्याकाळी पाच आणि सकाळी आठ यांच्यामध्ये कोणीतरी त्या पिंपात कॉस्टिक ओतला होता. कोणी, ते काटेताईला माहीत नव्हतं. एवढंच म्हणाली, "मुकादमाला विचारा. शेवटी फाटक तोच बंद करतो. आणि माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हता."

३

कारखान्याचा मॅनेजर मात्र बोलण्यात साखर. बाईंना त्याने खुर्ची दिली, पंखा वाढवला, डोळ्यांत पाणी आणण्याचाही प्रयत्न केला.

"मॅडम, मी स्वतः इस्पितळात फुलं पाठवली. चांगली बाई हो! पण शिक्षण कमी. आम्ही सोपा नियम घालून दिला होता. दोनशे लिटरला दोन पोती, पंचवीस टक्क्यांचं द्रावण. यात चुकण्यासारखं काय आहे? तिने दोनाऐवजी चार टाकली."

"तुम्ही स्वतः बघता का हे काम?"

"छे, छे. मी मिश्रणाच्या खोलीत वर्षातून एकदा जात असेन. तिथला वास सहन होत नाही."

त्याने जाडजूड वही पुढे सरकवली. बाईंनी आधी जुनी पानं उलटली. अकरा वर्षांत अक्षर बदललं नव्हतं. छापलेले रकाने तीनच होते: पाणी, कॉस्टिक, टक्केवारी. पण काटेताईने दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये पट्टीने रेघ मारून स्वतःचा एक रकाना पाडला होता, 'एकूण'. प्रत्येक पानावर तीच ओळ पुन्हा पुन्हा: पाणी दोनशे, कॉस्टिक पन्नास, एकूण अडीचशे, वीस टक्के.

मग ते शेवटचं पान. अक्षर तसंच, वळण तसंच, सहीसुद्धा तशीच. पाणी दोनशे. कॉस्टिक चार पोती, शंभर किलो. 'एकूण'च्या रकान्यात नुसती आडवी रेघ. आणि टक्केवारी: पन्नास.

बाई त्या पन्नासच्या आकड्याकडे बघतच राहिल्या. हातातली वही त्यांनी फार सावकाश मिटली, कारण ती मॅनेजरच्या डोक्यात घालावी असं त्यांना क्षणभर फार वाटलं होतं.

"परवा सरकारी निरीक्षक येतायत," मॅनेजर म्हणाला. "पान बघतील, सही करतील, प्रकरण मिटेल. तिच्याच भल्याचं आहे. उगाच चौकशी लांबली तर तिच्यावर निष्काळजीपणाचा खटला व्हायचा."

"तिच्या बाजूने कोणाला हजर राहता येतं का?"

"येतं. पण कोण येणार?"

"मी," बाई म्हणाल्या.

४

मुकादम बाहेर अंगणात बाटल्यांच्या क्रेटांमागे सापडला. दांडगा, पिकल्या मिशांचा, तोंडाने फटकळ. बाईंना बघून त्याने तोंड फिरवलं.

"ताईचं नि तुमचं भांडण होतं म्हणे?"

"होतं. काम हळू करते म्हणून ओरडलो. मालाचा भार वाढलाय, बाटल्या घाण येतायत, वरून रोज बोंब. ती म्हणते, वीस टक्के म्हणजे वीस टक्के, एकवीस करणार नाही. मग काय, ओवाळू?"

"दोनशे लिटरला दोन पोती. त्याचे वीस टक्केच होतात का?"

मुकादमाने बाईंकडे वेड्यासारखं बघितलं. "पन्नास किलो माल अडीचशे किलोच्या घोळात. पाचात एक. मी सातवी नापास आहे बाई, पण एवढं कळतं."

"आदल्या संध्याकाळी फाटक तुम्हीच बंद केलंत?"

त्याने एक क्रेट उचलला. "मला कामं आहेत," म्हणून तो चालता झाला.

केमिस्ट कोवळी मुलगी होती, नोकरीला सहा महिने झालेली. रोज संध्याकाळी वहीवर तिची सही असायची. बाईंनी विचारताच ती रडायला लागली. "मी तपासत नव्हते. ताईंचं कधी चुकतच नव्हतं, म्हणून नुसती सही करायचे."

"त्या दिवशी पिंपातलं द्रावण तपासलंस?"

"कसं तपासणार? अपघातानंतर तासाभरात साहेबांनी पिंप रिकामं करून धुवायला लावलं. म्हणाले, आणखी कोणाला इजा नको."

बाईंनी ओठ चावला. खोलीच्या मागे त्या एकट्याच गेल्या. भंगारवाला रोज संध्याकाळी पाचला रिकामी पोती नेतो, असं केमिस्टने सांगितलं होतं. अपघातापासून मात्र कारखाना बंद, भंगारवाला फिरकला नव्हता. भिंतीशी दोनच रिकामी पोती पडली होती. बाईंनी छत्रीच्या टोकाने ती उलटवली. दोन्हींच्या तोंडाची शिवण जशीच्या तशी होती. पोती मधोमध पात्याने फाडलेली होती.

आत भिंतीवरच्या खिळ्याला सुतळीचा गुंडा लटकत होता, नारळाएवढा. केमिस्ट म्हणाली, "ताईंचा आहे. त्या पोतं कधी फाडत नाहीत. शिवणीचा दोरा ओढून काढतात आणि गुंडाळून ठेवतात. पोतं फाडलं की माल उडतो म्हणायच्या."

पानावर चार पोती. जागेवर दोन. आणि त्या दोन्हींना काटेताईचा हात लागलेला नव्हता. तरीही बाईंना ठाऊक होतं की फाटक्या पोत्यांवर कोणी निरीक्षक निकाल देत नाही. पिंपात नेमकं काय होतं हे सांगणारा थेंबही आता शिल्लक नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंच्या दारावर थाप पडली. दारात मुकादम होता. हातात प्लास्टिकची बाटली, बूच घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळलेली.

"धुवायच्या आधी मी पिंप ढवळून एवढं काढून ठेवलं," तो म्हणाला. "का काढलं, मला विचारू नका. माझ्या कपाटात डब्यामागे होतं. तेव्हापासून झोप नाही."

"कोणी ओतलं ते सांगा."

"आधी यात काय आहे ते तुम्ही सांगा. मी सांगितलेलं कोण ऐकणार? मुकादम डूख धरून बोलतो म्हणतील."

बाईंनी त्याला आणखी छेडलं नाही. केमिस्टला बोलावून घेतलं आणि जुन्या शाळेची प्रयोगशाळा उघडून घेतली. हातमोजे, चष्मे, काट्यावर दहा ग्रॅम द्रावण. भरपूर पाण्यात पातळ केलं, त्यात सूचकाचे दोन थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं. वरून नळीतून आम्ल थेंब थेंब सोडायचं; गुलाबी रंग उडाला की थांबायचं. किती आम्ल लागलं त्यावरून कॉस्टिक किती होता ते कळतं.

केमिस्टने नळीची तोटी जरा जास्तच फिरवली. "घाई नको," बाई म्हणाल्या. "ज्या पोरीने अकरा वर्षं घाई केली नाही, तिच्यासाठी करतोय आपण हे."

तीनदा केलं. तीनही वेळा तोच आकडा आला. सत्तावीस टक्के, वर थोडंसं.

"पण पानावर तर पन्नास आहे," केमिस्ट म्हणाली.

बाईंनी कागदावर चार ओळी खरडल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. राग होताच, पण आता त्याला नेमका पत्ता मिळाला होता.

६

निरीक्षक दमलेला माणूस होता. घड्याळाकडे बघत त्याने फॉर्म बाहेर काढला. मॅनेजरने त्याला पेनही पुढे केलं. एका बाजूला केमिस्ट, दाराशी मुकादम.

"सही करण्याआधी एक बेरीज करा," बाई म्हणाल्या. "पानावर दोनशे किलो पाणी आणि शंभर किलो कॉस्टिक आहे. मिळून किती?"

"तीनशे."

"तीनशेत शंभर म्हणजे किती टक्के?"

निरीक्षकाने ओठ हलवले. "तेहतीस."

"मग पन्नास कुठून आलं? लिहिणाऱ्याने शंभराला दोनशेने भागलं. नुसत्या पाण्याने! विरघळलेला पदार्थ द्रावणातच असतो, वजनातून पळून जात नाही, हे त्याच्या गावीच नाही. या वहीत अकरा वर्षांची पानं आहेत. एकूण वजनाचा रकाना या बाईने स्वतःच्या हाताने आखलाय, कारण भागायचं एकूणाने असतं. एक दिवस चुकलेली नाही. आणि शेवटच्याच दिवशी तो रकाना रेघ ओढून रिकामा?"

"घाईत असेल," मॅनेजर म्हणाला. "हे गणित तर अर्ध्या जगाचं चुकतं."

"खरंय. इथे कोणाकोणाचं चुकतं ते मी बघितलं. मुकादमाने मला वीस टक्के सांगितले. केमिस्टचं तर शिक्षणच ते. तुम्ही म्हणालात, दोनशे लिटरला दोन पोती, पंचवीस टक्के. पन्नासाला दोनशेने भागलंत, साहेब."

मॅनेजर हसला, पण ते हसू गालापर्यंतच राहिलं. "एवढ्यावरून?"

"नाही, एवढ्यावरून नाही." बाईंनी बाटली टेबलावर ठेवली. "हे त्या पिंपातलं आहे. सत्तावीस टक्के."

मॅनेजरचा चेहरा उतरला, पण तो लगेच सावरला. "अर्धं पिंप तर उसळून सांडलं होतं! उरलेल्याच्या आकड्याला काय अर्थ?"

"अर्धा कप चहा सांडला तर उरलेला कमी गोड लागतो का हो?" बाईंचा आवाज चढला. "सांडलं तरी प्रमाण तेच राहतं! वाफ गेली असेल तर ते थोडं वाढेल, कमी होणार नाही. म्हणजे त्यात तुमची चार पोती नव्हतीच. आता बघा. आदल्या दिवशीचं अर्धं पिंप उरलेलं होतं, त्यात पाणी शंभर किलो आणि कॉस्टिक पंचवीस. सकाळी तिने शंभर किलो पाणी घातलं. पाणी झालं दोनशे. यात दोन पोती मिळवा. कॉस्टिक झाला पंचाहत्तर. दोनशे पंचाहत्तरात पंचाहत्तर."

निरीक्षकाने आता स्वतःच कागद ओढला. भागाकार केला. "सत्तावीस पूर्णांक तीन."

"खोलीमागे दोन पोती पडलीत. दोन्ही पात्याने फाडलेली. ताई पोतं फाडत नाही, दोरा उसवते. तिने स्वतःचं पोतं त्या सकाळी उघडलंच नव्हतं."

निरीक्षकाने आपल्या आकड्याखाली रेघ मारली.

"मला एकच गोष्ट कळत नव्हती," बाई म्हणाल्या. "खोटंच लिहायचं होतं, तर चार का? तीन का नाही, पाच का नाही? मग लक्षात आलं. ज्याने लिहिलं त्याला माहीत होतं की दोन जास्तीची पडलीत. आणि नियमाची दोन तिने सकाळी टाकलीच असतील असं त्याने धरलं. दोन आणि दोन चार. सकाळी एकच पोतं लागतं, कारण अर्धं पिंप उरतं, हे इथला झाडूवालासुद्धा सांगेल. ज्याला ठाऊक नाही तो या खोलीत वर्षातून एकदा येणारा माणूस. आणि जास्तीच्या दोन पोत्यांची गोष्ट ज्याला ठाऊक, तो ती टाकणारा किंवा टाकताना बघणारा."

"बघणारा मी आहे," दाराशी मुकादम म्हणाला.

सगळे वळले.

"संध्याकाळी सहाला साहेब आले. म्हणाले, उद्या घाण बाटल्यांचा ट्रक आहे, पाणी दुप्पट कडक करा. मी म्हटलं, ताईला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तर स्वतःच खिशातलं पातं काढून पोती फाडली आणि उलटी केली. ढवळलं नाही. बूट खराब होतील म्हणाले."

"डूख धरून बोलतोय हा!" मॅनेजर ओरडला.

"बाटली माझ्याकडे होती, साहेब. मला स्वतःला वाचवायचं असतं तर ओतून दिली असती."

निरीक्षकाने फॉर्म उचलला, मधोमध फाडला आणि पिशवीतून कोरा काढला. वही त्याने स्वतःच्या ताब्यात घेतली. मॅनेजरला फोन करायचा होता. निरीक्षक म्हणाला, पोलीस आल्यावर करा. बाईंना वाटलं होतं, या क्षणी बरं वाटेल. तसं काही झालं नाही. एक माणूस बूट खराब होतील म्हणून ढवळत नाही आणि दुसऱ्याचा डोळा जातो. वर त्याच बाईला तो अडाणी म्हणतो.

७

बातमी सांगायला बाई इस्पितळात गेल्या तेव्हा मुकादमही मागोमाग आला. हातात फळांची पिशवी. सासू उठून बाजूला झाली.

बाईंनी सगळं सांगितलं. मॅनेजरला अटक झाली, ठपक्याचं पत्र रद्द झालं, औषधपाण्याची आणि भरपाईची जबाबदारी कारखान्यावर आली. सत्तावीसचा आकडा ऐकून काटेताईने मनातल्या मनात भागाकार केला. बाईंना ते तिच्या ओठांवरून कळलं. "बरोबर," ती हळूच म्हणाली.

"मुकादमानेच साक्ष दिली," बाई म्हणाल्या. "बाटलीही त्यानेच ठेवली होती."

काटेताईने उरलेला डोळा त्याच्याकडे वळवला.

"तुम्ही सहाला बघितलंत?"

"हो, ताई."

"मी सकाळी आठला आले. तुम्ही फाटकाशी होतात. मी तुम्हाला रामराम केला."

मुकादमाने मान खाली घातली.

"मग दारातच का नाही सांगितलंत? ताई, ढवळू नका. तीन शब्द."

"आपलं बोलणं बंद होतं ना..." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि वाटलं, साहेबांनी मागाहून कोणाकडून तरी ढवळून घेतलं असेल."

सासूने तोंडाला हात लावला. बाई खिडकीकडे वळल्या.

"पिशवी घेऊन जा," काटेताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "साक्ष दिलीत त्याचे उपकार मी मानीन, जन्मभर मानीन. पण फळं नकोत."

मुकादम तसाच उभा राहिला. शेवटी म्हातारी उठली, त्याच्या दंडाला धरून त्याला दारापर्यंत नेलं, आणि दार लावून घेतलं.